एकशे बत्तीस

उदगीरच्या मोंढ्यामागं आमची पतसंस्था.
दोन खिडक्या, एक कूलर,
आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
एका ओळीत ऐंशी घरं, एका घरात एक अक्षर.
खातं, नाव, ठेव, व्याज, तारीख,
आणि अगदी काठाला ‘शे’.
पुढं काही नाही.

मला वाटायचं, शेकडा असेल.
व्याजाचंच काहीतरी.
अकरा वर्षं मी त्या ‘शे’पाशी थांबून
खालच्या ओळीवर गेले.

मार्चात लातूरहून ऑडिटर आले.
त्यांना अख्खा उतारा एका नजरेत पाहिजे.
मी नांदेडला मुजीबला फोन लावला.

आधी नुसती खिडकी ओढली मी रुंद.
उजवीकडं काळं रान पडलं,
अक्षरं मात्र डाव्या अंगाला दाटून,
नव्या घरात येऊनही
एकाच खोलीत झोपणाऱ्या माणसांसारखी.

मुजीब हसला.
‘ताई, तुम्ही जागा वाढवली
हे सर्व्हरला कुठं माहिताय?
दोन्हीकडून सांगावं लागतं.
इकडं सेटिंगात कॉलम एकशे बत्तीस,
तिकडं टर्मिनलचा प्रकार, शेवटी डब्ल्यू असलेला.
एकीकडंच सांगितलं तर ओळ मोडंल,
एकाचं व्याज दुसऱ्याच्या नावाखाली जाईल.
फॉन्ट बारीक करा. चष्मा आहे ना?
आणि मोड बदलला की पडदा पुसला जातो.
भिऊ नका.’

भ्याले.
सात हजार खाती गेली,
कोपऱ्यात कर्सर तेवढा लुकलुकत राहिला.
मग ओळी आल्या. लांब, काठापर्यंत.
‘शे’च्या पुढं ‘रा’ होता.

माझ्याआधी या खुर्चीत बस्वराजअप्पा बसायचे.
त्यांच्या टर्मिनलला म्हणे रुंदीचं बटणच होतं,
आणि हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा प्रिंटर,
हातभर रुंद.
दोन्ही भंगारात गेले, अप्पा पेन्शनीत.
जाताना मला एवढंच म्हणाले,
‘उंदरं वायर खातात. डांबरगोळ्या ठेवत जा.’

आणि इथं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, अप्पाच अप्पा.

सातशे चौदा: ऐकायला कमी. उजव्या कानाशी बोलणे.
नऊशे दोन: सही दर वेळी वेगळी. माणूस तोच.
अकराशे तीस: खुर्ची देणे. मागणार नाही.

मी ओळीमागून ओळ उतरत गेले.
ऑडिटर चहा पीत होते.

तेराशे सत्त्याहत्तर, इंदरबाई मुळे:
नवऱ्यासमोर शिल्लक सांगू नये.

मी सांगितली होती.
एकदा नाही.
जाळीतून, हॉलभर ऐकू जाईल अशी,
‘मावशी, चौतीस हजार जमलेत की!’
चांगलं वाटावं म्हणून.
त्यांच्या मागं एक माणूस उभा असायचा,
कोपरीच्या खिशात हात घालून,
आणि मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत
दाराकडं बघायच्या.
मला वाटायचं, लाजतात.

शिल्लक शून्य. खातं बंद.
बंद करणाऱ्याच्या घरात
माझीच दोन अक्षरं.
ती ऐंशीच्या आतच होती,
रोज दिसत होती.

फोन चालूच होता.
‘ताई, दिसायलंय का सगळं?’
हाव, म्हटलं.
‘मग सेव्ह करा. नाही केलं तर
उद्या उघडताना परत ऐंशी.’

ऑडिटर खुर्ची सरकवून जवळ आले,
डोळे बारीक केले.
‘मुंग्यावानी दिसायलेत हो मॅडम अक्षरं.
बघून झालं माझं. करा परत पहिल्यासारखं.’

थांबा, म्हटलं.
मी तेराशे अठ्ठ्याहत्तरवर आहे.